खालून आलेली ओ

आदिलाबादहून सरहद्दीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सरकीचं तेल काढणारी एक फॅक्टरी आहे. मी, सुरेंद्र, तिथं चौदा वर्षं सेफ्टी सुपरवायझर आहे. सरकी कितीही दाबून पिळली तरी पेंडीत थोडं तेल राहतंच. ते काढायला पेंडीवर हेक्झेन सोडतात. हेक्झेन म्हणजे पेट्रोलच्या नात्यातला, दिसायला निव्वळ पाण्यासारखा सॉल्व्हंट. तो तेल घेऊन खाली येतो, मग त्याला तापवून उडवायचं, तेल वेगळं ठेवायचं आणि थंड झालेला हेक्झेन पुन्हा कामाला लावायचा. या फेऱ्यात तो कुणाच्या डोक्यात जाऊ नये की ठिणगीजवळ जाऊ नये, एवढंच माझं काम.

मी नेमका माणूस आहे. माझी बायको सुनयना मराठी शाळेत शिकवते. ती म्हणते, यांच्या ताटात भात वाढायचा तरी आधी परमिट भरून द्यावं लागतं. चेष्टा खरी आहे. घड्याळ, नोंद, सही यांच्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि ढिसाळ माणसांचा मला राग येतो. पुढचं वाचताना हे लक्षात ठेवा, म्हणजे मी काय केलं ते नीट कळेल.

दर सोमवारी सकाळी आठला गोदामाच्या सावलीत मी मजुरांना उभं करून तेच ते सांगत असे. हेक्झेनची वाफ हवेपेक्षा जड, ती वर जात नाही, खाली बसते. खड्डा, गटार, टाकीचा तळ या तिच्या बसायच्या जागा. तोंडाला ओला रुमाल बांधून ती अडत नाही. नाकावर भरवसा ठेवू नका. आधी वास येतो, मग नाक सरावतं आणि वाफ असूनही वास येईनासा होतो. डोकं हलकं होतं, प्यायल्यासारखं बरं वाटतं, त्या बरं वाटण्याला भ्या. आणि आत कुणी पडला तर त्याच्यामागे उतरायचं नाही, नाहीतर एकाच्या जागी दोन जातात. यातला शब्दन् शब्द खरा आहे आणि मी तो झोपेतसुद्धा म्हणू शकतो.

आमच्या माणसांची स्वतःची एक रीत होती. बेला मंडलातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, गावांमधून आलेले हे लोक, विहिरींचा गाळ काढण्यात हयात गेलेली. विहिरीत माणूस उतरला की वर दुसरा दोर धरून उभा राहतो आणि दर थोड्या वेळानं विचारतो, "बरं हाय नं?" खालचा म्हणतो, "हाव," म्हणजे हो. ओ येते तोवर माणूस ठीक आहे. टाक्या साफ करतानाही ते तसंच करत. मी कधी अडवलं नाही. खरं तर अडवायला हवं होतं, कारण वाफ चढलेला माणूस कशालाही हाव म्हणतो, हे माझ्या पुस्तकात लिहिलेलं होतं. पण वर्षानुवर्षं काही झालं नाही, आणि मलाही त्या ओचा भरवसा वाटायला लागला.

दसऱ्यानंतरचा मंगळवार. आठवड्यात नवी सरकी येणार होती. त्याआधी पाणी आणि हेक्झेन वेगळं करणारी टाकी साफ करायची होती. अर्धी जमिनीत पुरलेली, अकरा फूट खोल, वर माणूस जेमतेम मावेल एवढं तोंड. हवेतला गॅस मोजायचं मीटर तपासणीसाठी हैदराबादला गेलेलं, ते दुसऱ्या दिवशी येणार होतं. मॅनेजर सुधाकररावांनी विचारलं, "होईल ना आज, सुरेंद्र?" त्यांनी जबरदस्ती केली असं मी नंतर कित्येक दिवस स्वतःला सांगत होतो. त्यांनी फक्त विचारलं होतं. होईल असं मी म्हणालो.

मी टाकीच्या तोंडाशी गुडघे टेकले, मान आत घातली आणि हुंगलं. वास नव्हता. परमिटवर गॅसच्या रकान्यात मी शून्य लिहिलं, वेळ दहा चाळीस टाकली आणि सही केली. चौदा वर्षं त्या वासात काढलेलं नाक, आणि मी त्याच्यावर शून्य लिहिलं.

उतरणार होता धोंडीबा. तो आणि मी एकाच वस्तीतले. त्याचा बाप आणि माझा बाप एकाच शेतावर राबलेले. मी नांदेडला जाऊन बीएस्सी झालो, तो इथंच राहिला. गेटच्या आत तो मला सार म्हणायचा, आणि तेही असं लांबवून की त्यात थोडी थट्टा असायची. बाहेर मी सुऱ्या. त्यानं कमरेला दोर बांधला, बादली घेतली आणि माझ्याकडे पाहिलं.

"पाह्यलं नं, सार?"

"पाहिलं."

"मंग उतरतो."

वर दोर धरून त्याचा साडू देवाजी उभा राहिला. मी कँटीनला गेलो, चहा घेतला आणि अकरा वाजून पाच मिनिटांनी त्याच वाटेनं परत आलो. देवाजी वाकून ओरडत होता, "धोंडीबा, बरं हाय नं?" खालून उत्तर आलं, "हाव." मी ते माझ्या कानांनी ऐकलं. आवाज जरा ओला होता, तोंडात घास असल्यासारखा. मला हायसं वाटलं. देवाजीला म्हणालो, "सावकाश होऊ दे," आणि ऑफिसात जाऊन बसलो.

साडेअकराला आरडाओरडा झाला. ओ येत होती, पण एकही बादली वर आली नव्हती, बादलीचा दोर हलत नव्हता. देवाजीनं आणखी दोघांना बोलावून कमरेचा दोर ओढला. धोंडीबा वर आला तेव्हा त्याचं तोंड कुठं आणि मान कुठं ते चिखलामुळे कळत नव्हतं. देवाजी त्याच्यामागे उतरला नव्हता. टाकीच्या काठावर बसून तो एकच वाक्य म्हणत होता, "सारनं सांगलं व्हतं, उतराचं नाई. सारनं सांगलं व्हतं."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की गाळ श्वासनळीत खोलवर गेलाय. म्हणजे धोंडीबा पालथा पडला तेव्हा श्वास चालू होता आणि त्यानंतर तो उठलाच नाही. पहिल्याच बादलीत अर्धाच गाळ होता. तो माणूस एरवी दहा मिनिटांत चार बादल्या वर पाठवायचा. म्हणजे तो उतरल्यावर तीन-चार मिनिटांतच पडला, दहा पन्नासच्याही आधी. मग देवाजी साडेअकरापर्यंत कुणाची ओ ऐकत होता?

यावर सगळ्यांचं एकच मत झालं. देवाजी जागेवर नव्हताच, तंबाखू खायला गेला असेल आणि आता खोटं बोलतोय. त्याच्या घरचेही तेच म्हणू लागले. वर आणखी, साडू मरत होता आणि हा काठावर बसून राहिला, हेही त्याच्याच नावावर चढलं. तो का बसून राहिला हे मला ठाऊक होतं.

मला एवढंच म्हणायचं होतं की ओ मीही ऐकली, देवाजी जागेवर होता. पण मग मी तिथं काय करत होतो, हवा कशानं मोजली, हे सगळं निघालं असतं. सुधाकररावांनी दुसऱ्या दिवशी सहज विचारलं, "मीटर सोमवारीच आलं होतं ना?" ते त्याच दिवशी, बुधवारी दुपारी आलं होतं, आणि ते विचारत होते तेव्हा माझ्या टेबलावर बॉक्समध्येच पडलेलं होतं. मी जबानी लिहिली: मीटरनं हवा तपासली, शून्य आलं, नंतर मी ऑफिसात होतो, टाकीकडे पुन्हा गेलो नाही.

देवाजीनं मला सायकल स्टँडपाशी गाठलं. "सार, तुमी बी आयकलं नं? तुमी माह्या बाजूलेच व्हते."

"मी ऑफिसात होतो, देवाजी."

तो "हाव का," म्हणाला. टोमणा नव्हता त्यात. त्याला माझ्यावर विश्वास ठेवायचा होता, आणि ते मला आजही सहन होत नाही.

तीन आठवड्यांनी मी नवा नियम शिकवायला माणसांना त्याच टाकीपाशी नेलं. टाकी धुतलेली, तीन दिवस ब्लोअर लावून हवा खेळवलेली. मी मीटर दोरीनं वर, मध्ये आणि तळाला सोडलं. तिन्ही ठिकाणी शून्य, या वेळी खरं शून्य. आत कुणी नव्हतं. मी म्हणालो, आता नुसतं बरं आहे का असं विचारायचं नाही, हिशोबाचा प्रश्न विचारायचा. ज्याचं डोकं ठिकाणावर नाही त्याला उत्तर येणार नाही. आणि दाखवायला म्हणून वाकून हाक दिली, "बरं आहे का?"

खालून आलं, "हाव."

बारा माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं. मागून एक जण हळूच म्हणाला, "सार, आवाज घुमला."

घुमला असता तर माझेच शब्द परत आले असते. पण मी मान डोलावली. आणि माझा स्वभाव असा की अर्धवट सोडवत नाही, म्हणून मी पुन्हा वाकलो. "सतरातून तीन गेले किती?"

"हाव."

मीटर तळाशीच होतं. त्यावर अजून शून्य होतं. मी झाकण लावून घेतलं आणि बाकीचं पुढच्या सोमवारी सांगतो म्हणालो. त्या टाकीजवळून मजूर आता वळसा घेऊन जातात.

मी स्वतःला समजावलं. चौदा वर्षं हेक्झेन हुंगलेल्या माणसाच्या नसा बिघडतात, बोटं बधिर होतात, हे पुस्तकात आहे. कानांचंही काही होत असेल. पण बारा जणांच्या कानांचं काय, याला पुस्तकात उत्तर नव्हतं.

मग ते घरी आलं. एका रविवारी सकाळी सुनयनानं स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, चहा ठेवू का?" मी पेपर वाचत होतो, बोललो नव्हतो. थोड्या वेळानं ती चहा घेऊन आली आणि हसत म्हणाली, "काय आज, हाव म्हणालात! फॅक्टरी घरात आली का?" मी हाव म्हणत नाही. नांदेडला गेलो तेव्हाच ते सोडलं. वर्गातली मुलं हसायची म्हणून सोडलं, खोटं कशाला सांगू. गावात आईसुद्धा म्हणायची, सुरेंदर आता हो म्हणतो, मोठा झाला.

त्यानंतर मीही ऐकू लागलो. आवाज नेहमी खालून यायचा, पलंगाखालून, ओट्याच्या बुडाशी, गुडघ्याच्या वर कधीच नाही. "कडी लावली का?" हाव, आणि कडी उघडी असायची. "मोटर बंद केली का?" हाव, आणि टाकी भरून पाणी अंगणात वाहायचं. सुनयनाला तो माझाच आवाज वाटायचा. तुमचं लक्ष कुठं असतं हल्ली, एवढंच ती म्हणायची. धोंडीबाच्या जाण्याचं मी मनाला लावून घेतलंय असं तिला वाटत होतं, आणि ती माझ्याशी जास्तच मऊपणानं वागायची. त्या मऊपणाची मला लाज वाटायची.

डिसेंबरात एके दुपारी आम्ही तिच्या भाचीच्या लग्नाला निघालो. गाडीवर बसता बसता तिनं विचारलं, "गॅस बंद केला ना?" आणि ओ आली. आम्ही निघालो. अर्ध्या वाटेवर गेल्यावर माझ्या लक्षात आलं की ओ देणारा मी नव्हतो. गाडी वळवली. दार उघडताच सुनयनानं नाकाला पदर लावला. मला काहीच वास येत नव्हता. दूध उतू जाऊन ज्योत विझलेली आणि शेगडी चालू. मी दिव्याच्या बटणाला हात लावू दिला नाही, खिडक्या उघडल्या, सिलिंडर बंद केला. हे सगळं मला बरोबर जमतं. ओट्याखाली शेजारच्यांचं मांजर आडवं पडलं होतं. स्वयंपाकाचा गॅसही जडच असतो, तो जमिनीलगत बसतो. मांजर गेलं होतं.

त्या आठवड्यात मी गावी गेलो. धोंडीबाच्या बायकोला, रुक्माबाईला, सगळं सांगायचं असं ठरवून गेलो. ती दारात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. जय भीम केला, पाणी दिलं. मला खुर्ची दिली आणि स्वतः खालीच बसली. भिंतीवर धोंडीबाचा फोटो होता, फॅक्टरीच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला. तिनं एकच गोष्ट विचारली.

"सुरेंदरभाऊ, तुमी हवा पाहूनच त्याले उतरवलं नं? लोकं काईबाई बोलतेत. मी म्हन्ते, सुऱ्या आपला हाय, तो पाह्यल्याबिगर कसा उतरवंल."

मी तोंड उघडलं. माझ्या खुर्चीखालून आलं, "हाव."

रुक्माबाईचा हात शेंगेवर थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. खुर्चीच्या पायांकडे पाहिलं, ओळखीचं माणूस गर्दीत दिसल्यासारखं. मग पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "बरं झालं, तुमी सांगलं." मी तेव्हाही बोलू शकत होतो. तिथं आम्ही दोघंच होतो, सुधाकरराव नव्हते, कागद नव्हता. मी पाणी पिऊन उठलो.

बसस्टँडवर पोचेपर्यंत मला नीट समजलं होतं की तो आवाज माझ्याविरुद्ध काहीच करत नव्हता. मी जे लिहून दिलं होतं, तेच तो बोलत होता.

जानेवारीत चौकशी झाली. तपासणी अधिकारी करीमनगरकडचे, तेलुगू बोलणारे, आमच्याशी हिंदीत बोलत. कॉन्फरन्सची खोली, लांब टेबल. एका टोकाला सुधाकरराव, मधे अधिकारी, समोर देवाजी उभा. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी आदल्या दिवशी ठरवलं होतं. सकाळी सुनयनाला म्हणालोही होतो की आज मी नोकरी गमावून येईन. तिनं कारण विचारलं नाही, फक्त माझी कॉलर सरळ केली. मी खरं बोललो तर देवाजी सुटणार होता. दुसरं काहीच लागणार नव्हतं.

अधिकाऱ्यांनी माझी जबानी समोर ठेवली. "हवा आपने मीटर से चेक किया था?"

मी म्हणालो, "नाही."

टेबलाखालून आलं, "हाव."

अधिकाऱ्यांनी मान वर केली. "हाव मतलब?"

"हाँ, सर," सुधाकरराव म्हणाले. "इधर ऐसाच बोलते."

त्यांनी लिहिलं.

"नाही," मी पुन्हा म्हणालो. मला ते स्वच्छ ऐकू आलं. कुणाचीही मान हलली नाही. पेन चालत राहिलं.

"और ये आदमी जगह पे नहीं था?"

"नाही साहेब, होता. तो होता."

"हाव."

देवाजी खाली बघत होता, टेबलाच्या पायांकडे. त्यानं तो आवाज एक दिवस पाऊण तास ऐकला होता.

"धोंडीबा," तो म्हणाला.

अधिकाऱ्यांनी त्याला गप्प राहायला सांगितलं.

कागद माझ्यासमोर आला. सहीची जागा बोटानं दाखवली गेली.

मी सही केली.

हे मला टाळता येत नाही. नाही म्हणालो ते कुणाला ऐकू गेलं नसेल; पण मला उठून उभं राहता आलं असतं, कागद फाडता आला असता, देवाजीचा हात धरता आला असता. माझ्या हातात पेन होतं आणि तो हात कुणीही धरला नव्हता. सही नेहमीसारखी आली, वळणदार.

देवाजीला निष्काळजीपणाच्या कलमाखाली धरलं. अकरा दिवसांनी जामीन मिळाला. साडूनं साडूला मारलं असं वस्तीत मुलंसुद्धा म्हणतात. रुक्माबाईनं बहिणीकडे जाणं सोडलं. हवा पाहिली होती असं मी सांगितलं म्हणून सोडलं, माझ्या खुर्चीखालून.

त्या दिवसापासून माझा नकार कुठंच पोचत नाही. "आणखी भात?" नाही म्हणालो तरी सुनयना वाढते. "उद्या सुट्टी आहे का?" नाही म्हणालो की ती डबा करत नाही. तिला वाटतं मी वयानं निवळलो, कशालाच हरकत घेत नाही. मी एकदा तिचे दोन्ही हात धरून सांगितलं की मी हवा तपासली नव्हती. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "मला माहीत आहे, तुम्ही तुमचं काम चोख केलं होतं. नका त्रास करून घेऊ."

खटला पुढच्या मंगळवारी उभा राहील. देवाजीच्या वकील अश्विनीताईंचा फोन आला. माझ्याविषयी त्यांना देवाजीनंच सांगितलं होतं. काय सांगितलं, तर "सार खोटं नाई बोलत, त्यायले इचारा." त्या म्हणाल्या, "तुम्ही काही लिहून द्याल का?" देतो म्हणालो. हा होकार माझा होता, माझ्या तोंडून गेला. आज चार वाजता त्या येणार आहेत. बोलणं जमत नाही तर लिहावं, असं वाटून मी सकाळपासून बसून हे सगळं लिहिलं, दहा चाळीसपासून सहीपर्यंत, एकही गोष्ट न लपवता.

अडीचला सुनयना शाळेतून आली. मी पानं तिच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, मोठ्यानं वाच. ती हातपाय धुऊन बसली. शुद्धलेखन तपासताना वाचते तशी, ओळीखाली बोट ठेवून वाचू लागली.

"सुरेख लिहिलंय," एका पानानंतर म्हणाली. "अगदी तुमच्यासारखं, नेमकं. 'हवा मीटरनं तपासली. देवाजी जागेवर नव्हता.' अश्विनीताईंना हे आवडायचं नाही, पण खरं ते खरं."

तिचं बोट ज्या ओळीवर होतं, तिथं मी लिहिलं होतं की हवा तपासली नाही आणि देवाजी जागेवर होता. शाई मला दिसत होती.

मी तिच्याकडून पानं घेतली. एक कोरा कागद काढला. त्यावर मधोमध, मोठ्या अक्षरात, फक्त "नाही" असं लिहिलं. पेन दाबून लिहिलं, अक्षरं कागदाच्या मागच्या बाजूला उमटली. आणि तो तिच्या हातात दिला.

सुनयनानं कागद पाहिला, उलटा करून मागची बाजू पाहिली, मग माझ्या पुढ्यात नीट सरळ करून ठेवला.

"सांगा," ती म्हणाली, "यावर काय लिहायचंय?"